बागबाजारातलं औक्षण

त्याचं स्टेशन शोभाबाजार. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा अर्धा राग या एका गोष्टीवर उभा आहे. आमचा फिजिक्सचा क्लास बागबाजारला होता. क्लास सुटला की आम्ही श्यामबाजारला मेट्रो पकडायचो. तिथून शोभाबाजार पहिलंच स्टेशन, बसायला जागा शोधेपर्यंत येतं. खरं तर तो चालतच घरी जाऊ शकला असता. पण तो तिथे उतरायचा नाही. माझ्याबरोबर थेट एस्प्लनेडपर्यंत यायचा, माझी खिदिरपूरची बस येईपर्यंत थांब्यावर उभा राहायचा, बस सुटली की हात करायचा आणि उलट्या मेट्रोने पाच स्टेशनं मागे जायचा. आठवड्यातून तीनदा, आठ महिने.

आता सतरा वर्षांच्या मुलीने याचा काय अर्थ लावायचा? मुलाला मेट्रोची हौस आहे? आज मी सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, लोकांच्या चुका काढायचेच पैसे घेते. तरी त्या आठ महिन्यांत माझी चूक कुठे झाली ते मला सापडत नाही. मी मूर्ख नव्हते, मला मूर्ख ठरवलं गेलं. या दोन्हींत फरक आहे, आणि तो नीट मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबा कस्टम्समध्ये होते. त्यांचं ऑफिस खिदिरपूरच्या गोदीकडे, आणि आम्हाला क्वार्टरही तिथून जवळच मिळालं होतं. मी पाचवीत असताना बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी आणि बाकी सगळीकडे बंगाली. माझं मराठी इतकं कच्चं झालं होतं की पुण्याची मावशी फोनवर विचारायची, ही कोण बोलतेय. आईने त्याबाबत हात टेकले होते, पण सणवारांच्या बाबतीत ती एक पाऊल मागे यायला तयार नव्हती. फुलवाती मावशीकडून पार्सलने यायच्या. वाढदिवस कुणाचाही असो, सकाळी आंघोळ झाली की पाट, पाटाभोवती रांगोळी आणि औक्षण.

मला भाऊ नाही. भाऊबीजेला संध्याकाळी आई मला ताट घेऊन गच्चीवर न्यायची आणि चंद्राला ओवाळायला लावायची. बीजेची कोर ती, गोदीच्या क्रेनमागे भराभर बुडायची, त्यामुळे घाईघाईने ओवाळून आम्ही खाली यायचो. म्हणजे निरांजन आणि कुंकू घेऊन एका बाईने एका पुरुषासमोर उभं राहायचं, हे आमच्या घरात मी फक्त आईबाबांत पाहिलं होतं. त्यातही मनात राहिलं ते पाडव्याला आई बाबांना ओवाळायची ते. बाबा नवा शर्ट घालून उगाच गंभीर होऊन पाटावर बसायचे. आई कुंकू लावताना मान वर करायची नाही. एरवी दिवसभर वीज बिलावरून आणि गॅसच्या नंबरावरून एकमेकांशी बोलणारी ही दोन माणसं त्या दोन मिनिटांत काही बोलायची नाहीत, आणि मला वाटायचं, आपण इथे नसतो तर बरं झालं असतं.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं होतं. माझा उरलेला अर्धा राग इथे आहे.

तो क्लासमध्ये भेटला, अकरावीच्या सप्टेंबरमध्ये. क्लास मुळात माझ्या मैत्रिणीने शोधलेला. ती माझ्या शाळेतली, बागबाजारची, जन्मापासून तिथलीच. पहिल्याच दिवशी सरांनी माझं आडनाव वाचलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पूर्वी मराठ्यांना अडवायला बंगालने जो खंदक खणला, तो याच बागबाजारातून सुरू झाला होता. वर्ग हसला. संध्याकाळी मेट्रोत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काय बर्गी, खंदक ओलांडून आलीस का?” बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले ते मराठे घोडेस्वार. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. त्याने म्हटलं आणि मी हसले. त्या दिवशी तो पहिल्यांदा शोभाबाजारला उतरला नाही.

पण हा ‘बर्गी’ फक्त मेट्रोत आणि एस्प्लनेडच्या बसथांब्यावर. क्लासमध्ये मुलांच्या बाकावर बसला की त्याला मी दिसतच नसे. मी वही मागितली तर तो शेजाऱ्याच्या हातून द्यायचा. कुणी आम्हाला चिडवलं की खांदे उडवायचा. आणि तासाभराने श्यामबाजारच्या फलाटावर विचारायचा, “तू आज गप्प का होतीस?” मी? मी गप्प होते? रात्री मी त्याचे मेसेज वर सरकवून सरकवून वाचायचे आणि क्लासमधलं सगळं माफ करून टाकायचे. लाजतो, असं मी मनाशी म्हणायचे. आता मला त्यासाठी वेगळा शब्द माहीत आहे. शेळपट.

दिवाळीनंतरचा पहिला क्लास होता. मेट्रोत गर्दी नव्हती. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, अधूनमधून बंगाली. इथे मराठीत लिहिते. त्याने विचारलं, तुमच्याकडे काय काय करतात? मी सांगत सुटले. फराळ, उटणं, किल्ला. मग पाडवा. बायको नवऱ्याला ओवाळते, कपाळाला कुंकू लावते, डोक्यावर अक्षता टाकते, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळते, मग निरांजन. बाबा कसे बसतात, आई कशी मान वर करत नाही, तेही सांगितलं. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते हे सांगितल्यावर तो खूप हसला. मग म्हणाला, “माझ्यासाठी असं कधी कुणी केलं नाही. माझ्या वाढदिवसाला करशील?”

“वाढदिवसाला आई करते,” मी म्हटलं.

“मग त्या दुसऱ्या दिवशी कर,” तो म्हणाला. “ज्या दिवशी तुझी आई मान वर करत नाही.”

हे त्याचे शब्द. मी एकही बदललेला नाही. हे बोलून तो दरवाजाच्या काचेत बघत राहिला, थेट एस्प्लनेड येईपर्यंत. बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, पण मी खिदिरपूरपर्यंत उभीच राहिले, कारण बसणं मला सुचलंच नाही.

एप्रिलमध्ये बाबांची बदली नागपूरला झाली.

आदल्या वर्षी बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तेव्हापासून आई त्यांचं मीठ, तेल, गोळ्या आणि चालणं यांच्या मागे हात धुऊन लागली होती. बदलीचा कागद आला त्या दिवशी तिने डबे काढून ओट्यावर मांडले, काय न्यायचं नि काय टाकायचं बघायला. तिच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. तिघांनी जायचं, मी बारावी नागपूरला करायची. दुसरा मार्गही होता: मुलीच्या बारावीचं कारण देऊन क्वार्टर आणखी एक वर्ष ठेवायला अर्ज करायचा, आई आणि मी इथे राहायचं, बाबांनी एकट्याने तिकडे खोली घ्यायची.

मी तो दुसरा मार्ग धरून बसले. शाळा बदलली तर वर्ष बुडेल म्हटलं. सर बदलले तर फिजिक्स गेलं म्हटलं. दारं आपटली. दोन दिवस नीट जेवले नाही. माझं वर्ष, माझं करिअर, तुम्हाला काही पडलेलंच नाही, हेही म्हटलं. आई एकदाच तडकून म्हणाली, “तुझं वर्ष कुठे पळून जात नाही. ह्यांच्या जेवणाचं काय?” बाबा मध्ये पडले. “असू दे गं. डबा लावीन मी. माणसं राहतात एकटी.” त्यांना शांतता हवी होती, आणि मला माहीत होतं की त्यांना शांतता हवी असली की ते स्वतःचं काहीतरी देऊन टाकतात. मी ते वापरून घेतलं.

अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता. त्याआधीच्या शनिवारी मैत्रिणीच्या घरी पार्टी होती. तिचा आणि त्याचा वाढदिवस एका दिवसाच्या अंतराने येतो, म्हणून एकच केक, एकच पार्टी. मी मनाशी ठरवलं की शनिवारी काय ते कळू दे. तो माझा असेल तर राहायचं, बाबांना डबा खाऊ दे. नसेल तर रविवारी सकाळी आईला सांगायचं की चल, डबे भरूया. इतकं सरळ होतं ते. बापाच्या तब्येतीचा निर्णय मी एका मुलाच्या तोंडातून निघणाऱ्या वाक्यावर सोडला होता, आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

बोलायची हिंमत मला नव्हती, मग त्यानेच सुचवलेलं करायचं ठरवलं. देव्हाऱ्यातलं लहान निरांजन रुमालात गुंडाळलं. तुपात भिजवलेली फुलवात एका डबीत, कुंकवाची डबी, अक्षतांची पुडी, एक सुपारी. अंगठी माझ्याच बोटात होती. मैत्रिणीला सांगितलं, तुम्हा दोघांचं आमच्या पद्धतीने औक्षण करणार आहे. दोघांचं म्हटलं म्हणजे आपली लाज झाकली जाईल, एवढीच अक्कल. तिचं औक्षण माझ्या आईने पूर्वी आमच्या घरी केलं होतं, तिला ते माहीत होतं. ती म्हणाली, “दारुण आयडिया!” दारुण म्हणजे बंगालीत झकास. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते मला तेव्हा आठवायला हवं होतं.

भाऊबीजेला बंगाल्यांकडे भाईफोंटा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सात वर्षं त्या शहरात काढली होती मी. बहीण भावाच्या कपाळाला डाव्या हाताच्या करंगळीने चंदनाचा टिळा लावते, तो फोंटा. मैत्रिणीच्या घरी मी तो पाहिलाही होता. पण तो कार्तिकात, तो चंदनाचा, तो करंगळीने. माझं मे महिन्यात, कुंकवाचं, अनामिकेने. माझ्या डोक्यात ही दोन कामं इतकी वेगळी होती की एकाच्या शेजारी दुसरं ठेवून बघावं असं मला सुचलंच नाही. माझ्या डोक्यात फक्त आई आणि बाबा होते.

घर तिसऱ्या मजल्यावर. पंधराएक मुलंमुली, सगळी क्लासमधली नाहीतर शाळेतली. मैत्रिणीच्या आईने, म्हणजे काकिमाने, लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि मटण केलं होतं, आणि वाढदिवसाची खीर. केक कापून झाला. मग मैत्रिणीने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं की आता महाराष्ट्राचा कार्यक्रम. पाट नव्हता, तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या घेतल्या. मी विचारलं, पूर्व कुठे. तो म्हणाला, “गंगा त्या बाजूला, म्हणजे पूर्व ही,” आणि स्वतःच खुर्ची वळवून बसला. निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद करायला लावला तेव्हा सगळे कण्हले. मे महिन्यातलं कोलकाता, दाराखिडक्या बंद, पंधरा माणसं. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

आधी मैत्रिणीचं केलं. ती खिदळत होती, फोटो काढून घेत होती. मग त्याच्यासमोर आले.

तो खिदळत नव्हता. हात मांडीवर ठेवून अगदी सरळ बसला होता. मी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि त्याच्या कपाळाला लावलं. त्याचं कपाळ घामाने ओलं होतं. अक्षता टाकल्या, त्या केसांत अडकल्या. अंगठी आणि सुपारी ओवाळली. मी मान वर करत नव्हते. मला आठवण करून द्यायची होती, म्हणून मुद्दामच. निरांजन ओवाळताना एकदाच वर पाहिलं, तर तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला सगळं आठवत होतं. हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. सगळं आठवत होतं.

तेवढ्यात सोफ्यावरून क्लासमधला एक मुलगा ओरडला, “आरे, फोंटा! फोंटा दिला रे हिने!”

एक क्षण कुणाला कळलं नाही, मग सगळ्यांना एकदमच कळलं. मुलींनी जीभ हलवून उलू केला, त्यांच्याकडे मंगलकार्यात करतात तसा. काकिमा स्वयंपाकघरातून कौतुकाने बघत होती, ती आत गेली आणि शंख घेऊन आली आणि फुंकला. भाईफोंट्याला वाजवतात तसा व्यवस्थित, तीनदा. मी ताट धरून उभी. मला आत्ता कुठे कळत होतं की मी काय केलं आहे, आणि त्याही वेळी मला भीती वाटली नाही, कारण खोलीत एक माणूस असा होता ज्याला खरं माहीत होतं. त्याने फक्त म्हणायचं होतं, नाही रे, ह्यांच्याकडे हे वेगळं असतं. एवढंच. पाडवा म्हणायचीही गरज नव्हती. हे वेगळं असतं, एवढं पुरलं असतं.

त्याने सोफ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचं एक चॉकलेट उचलून माझ्या ताटात टाकलं आणि मोठ्याने म्हणाला, “एबार तो बोनके गिफ्ट दिते होय.” आता बहिणीला गिफ्ट द्यायला हवं. आणि एवढ्यावर न थांबता त्याने उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या भावाने ठेवावा तसा. माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे तो.

सगळे हसले आणि मीही हसले.

दहा वर्षं झाली, माझ्या त्या हसण्यावर मी अजून चिडते. ताट आपटायला हवं होतं. निदान त्याचा हात झटकायला हवा होता. मी काय केलं, तर दात दाखवले, आणि कुणीतरी म्हणालं म्हणून ते चॉकलेट हातात धरून फोटोसुद्धा काढून घेतला. त्या फोटोत त्याच्या कपाळाला माझ्या हातचं कुंकू आहे आणि मी आनंदी दिसते.

पंखा पुन्हा लागला. मैत्रिणीने मला तिच्या खोलीत ओढत नेलं. मला वाटलं, हिला तरी कळलं असेल. ती माझा गाल ओढून म्हणाली, “किती हुशार आहेस तू. सगळे चिडवून चिडवून डोकं खात होते, एका झटक्यात सगळ्यांची तोंडं बंद केलीस.” तिला वाटत होतं की मी त्याला मुद्दाम भाऊ करून टाकलं. ती मनापासून खूष होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हिच्यावर कशी ओतणार? मी म्हटलं, “हो ना.” रुमालात निरांजन गुंडाळलं. ते अजून गरम होतं, रुमालाला तूप लागलं. मी चप्पल घातली.

तो जिन्यात मागून आला. कपाळ पुसलं होतं, पण कुंकू असं नुसत्या टिश्यूने जात नाही. भुवईपर्यंत लाल फराटा होता.

“चल,” तो म्हणाला. “एस्प्लनेडपर्यंत येतो.”

म्हणजे काही झालंच नव्हतं. मी चालत राहिले. श्यामबाजारच्या स्टेशनात तिकीट काढलं. फलाटावर मी विचारलं, “दिवाळीनंतर मी तुला पाडव्याचं सांगितलं होतं. आठवतं?”

तो म्हणाला, “आठवतं.”

“आज मी काय करत होते ते कळलं होतं तुला?”

“कळलं होतं.”

“मग?”

“सगळे बघत होते,” तो म्हणाला. “मी काय बोलणार होतो? त्यांनी वर्षभर सोडलं नसतं मला.” मग आवाज खाली आणून, मेट्रोतला आवाज काढून म्हणाला, “रागावू नकोस ना, बर्गी. आपल्या दोघांत काय बदललंय?”

विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं. कळलं नसतं तरी केलं असतं. मी आवडत नाही म्हणाला असता तर रडले असते, आणि दोन महिन्यांत उठून उभी राहिले असते. पण त्याला आठवत होतं, कळत होतं, आणि मी हवीही होते. फक्त श्यामबाजार ते एस्प्लनेड, जिथे कुणी ओळखीचं नसतं तेवढ्यापुरती. बाकीच्या जगासाठी मी त्याची बहीण असले तर त्याची फार मोठी सोय होत होती, आणि ती सोय मी स्वतःच्या हाताने, घरून तूप आणि फुलवात नेऊन करून दिली होती.

गाडी आली. आम्ही चढलो. शोभाबाजारला दार उघडलं. मी म्हटलं, “तुझं स्टेशन.”

“एस्प्लनेडला येतोय मी.”

“उतर,” मी म्हटलं. तेही मोठ्याने म्हटलं. दोन-तीन माणसांनी मान वळवली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मान वळवलेल्या माणसांकडे पाहिलं आणि उतरला.

बसमध्ये मी ठरवून टाकलं. नागपूर. घरी जाऊन आईला सांगायचं, फिजिक्स गेलं खड्ड्यात, डबे भर. मला हलकं वाटायला लागलं होतं. खिदिरपूरला उतरून मी जवळजवळ पळतच क्वार्टरला आले.

बाबा दार उघडायला आले. चेहरा असा की काहीतरी लपवून ठेवलंय आणि आता राहवत नाही. “बाळा, अर्ज दिला,” ते म्हणाले. “कालच दिला. साहेबांशी बोललोही. क्वार्टर मिळेल वर्षभर. म्हटलं तुझी पार्टी होऊ दे, मग सांगू. आता डोक्याला ताप करून घेऊ नकोस, अभ्यास कर.” आतून आई म्हणाली, “जेवून आलीस ना?” आवाज साधाच होता. ओट्यावरचे डबे तिने परत फळीवर लावून टाकले होते.

मला तोंड उघडायचं होतं. अर्ज परत घेता आला असता, शनिवार होता, सोमवार उगवायचा होता. पण मग का ते सांगावं लागलं असतं. पंधरा दिवस मी ज्यासाठी दारं आपटली ते वर्ष नव्हतं, फिजिक्स नव्हतं, हे सांगावं लागलं असतं. आई-बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “थँक्यू बाबा.” आणि आत जाऊन निरांजन घासून, पुसून देव्हाऱ्यात होतं तिथे ठेवलं.

सगळे बघत होते, मी काय बोलणार होते? त्याला मी शेळपट म्हणते तेव्हा हे मला आठवत नाही असं समजू नका.

जूनमध्ये बाबा नागपूरला गेले. मी वर्षभर त्याच क्लासला गेले. तो मुलांच्या बाकावर बसायचा, मला कधी कुणी त्याच्यावरून चिडवलं नाही, आणि फिजिक्समध्ये मला चांगले मार्क पडले. आई अजूनही नातेवाईकांना सांगते की आम्ही एक वर्ष वेगळे राहिलो पण पोरीचं सोनं झालं. मी ते ऐकते आणि चहा पिते.

त्या वर्षी पाडव्याला बाबांचं तिकीट कन्फर्म झालं नाही. संध्याकाळी आईने नेहमीसारखा पाट मांडला, रांगोळी काढली आणि मला म्हणाली, फोन लाव. तिकडे बाबा नवा शर्ट घालून त्यांच्या खोलीतल्या खाटेवर बसले होते. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. आईने ते पाहिलं आणि कुंकवाची डबी उघडली. मी पाटामागे बसून फोन दोन्ही हातांनी धरला. तिने अनामिकेवर कुंकू घेतलं आणि काचेवर, त्यांच्या कपाळावर लावलं. बाबा जरा हलले, तर कपाळ बाजूला गेलं आणि कुंकू मागच्या भिंतीवर राहिलं.

“लागलं का?” बाबांनी विचारलं.

“लागलं,” आई म्हणाली. तिने अंगठी ओवाळली, सुपारी ओवाळली, निरांजन हातात घेतलं. मान वर केली नाही. मग मलाच म्हणाली, “हात हलतोय तुझा. नीट धर.”

मी नीट धरला.